मॅन्युअलवर घ्या: कारखाने, वीज आणि पाण्याच्या सायबर सुरक्षेचा आढावा

२३ डिसेंबर २०१५ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या इवानो-फ्रँकिव्स्क शहरातल्या वीज वितरण कंपनीचा नियंत्रण कक्ष. एका ऑपरेटरच्या पडद्यावरचा बाण अचानक आपला आपण सरकू लागला. माऊसला कुणाचा हात नव्हता. बाण एका उपकेंद्राच्या ब्रेकरपाशी गेला. क्लिक झालं, ‘नक्की उघडायचा का?’ असं विचारणारी चौकट आली, तिच्यावरही क्लिक झालं आणि त्या भागातली लाइट गेली. ऑपरेटरनं माऊस धरून बाण मागे खेचायचा प्रयत्न केला, पण बाण ऐकेना. थोड्या वेळानं त्यालाच सिस्टिममधून बाहेर काढण्यात आलं. पुन्हा आत शिरायला गेला तर पासवर्ड बदललेला.

त्या दिवशी तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोरांनी तयारी कसून केली होती. सहा महिन्यांहून अधिक काळ ते आत वावरत होते. त्यांचा शिरकाव झाला होता तो ई-मेलला जोडून आलेल्या ऑफिसच्या साध्या फाइलमधून. वीज तोडल्यावर त्यांनी ग्राहक केंद्राचे फोन खोट्या कॉलनी तुंबवले, नियंत्रण कक्षाचा स्वतःचा बॅकअप वीजपुरवठा बंद पाडला, संगणकांच्या डिस्क पुसल्या आणि उपकेंद्रांशी बोलणाऱ्या छोट्या कन्व्हर्टर पेट्यांचं फर्मवेअर बिघडवून ठेवलं. दूरवरून ब्रेकर पुन्हा जोडण्याची वाटच त्यांनी तोडली. तरीही एक ते सहा तासांत वीज परत आली. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले, तिथली यंत्रणा मॅन्युअलवर घेतली आणि ब्रेकर हातानं जोडले. पुढचे काही महिने कारभार बराचसा असाच चालला.

औद्योगिक नियंत्रण प्रणालींवरच्या गेल्या पंचवीस वर्षांतल्या हल्ल्यांचे अहवाल एकापाठोपाठ एक वाचले, तर दोन गोष्टी फिरून फिरून समोर येतात. चोर बहुतेक वेळा सोयीसाठी आपणच ठेवलेल्या दारातून आत आलेला असतो. आणि निभावलं जातं ते यंत्र हातानं चालवता येणाऱ्या माणसांमुळे. पहिल्या गोष्टीवर परिषदा भरतात, उपकरणं विकली जातात. दुसरीकडे फारसं कुणी बघत नाही. मी बरीच वर्षं कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काढली आहेत आणि या दुर्लक्षाची मला मनापासून काळजी वाटते.

आधी ही प्रणाली म्हणजे काय ते पाहू. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच असतो. पाणी वर आलं की तो पंप बंद करतो, खाली गेलं की चालू करतो. कारखान्यातल्या, वीजकेंद्रातल्या किंवा जलशुद्धीकरण केंद्रातल्या अशा हजारो ‘वर आलं की बंद’ नियमांचा सांभाळ करणारा मजबूत, धूळ-उष्णता सोसणारा संगणक म्हणजे पीएलसी. अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांच्या गरजेतून तो १९६०च्या दशकाच्या शेवटी जन्मला. अशा अनेक पीएलसींवर दूरवरून देखरेख करणारी आणि त्यांना हुकूम देणारी व्यवस्था ती स्काडा. तिथला संगणक बिघडला तर फाइल उडून भागत नाही. बॉयलरचा दाब चढतो, पाण्यात क्लोरीन कमी-जास्त होतं, ब्रेकर उघडतो.

या यंत्रांची आपसातली बोली पाहिली की दुखणं चटकन कळतं. मॉडबस ही त्यातली सगळ्यात पसरलेली बोली १९७९ची आहे आणि आजही असंख्य पॅनेलमध्ये चालते. तिच्यात एक यंत्र दुसऱ्याला एवढंच सांगतं: ‘अमुक नंबरच्या खान्यात ही संख्या लिही.’ समोरचं यंत्र लिहून मोकळं होतं. सांगणारा कोण, त्याला तो अधिकार आहे का, हे विचारायची सोयच त्या बोलीत नाही. ज्यांनी ती घडवली त्यांचा यात दोष नव्हता. तेव्हा तार पॅनेलमधून निघायची आणि त्याच शेडमधल्या दुसऱ्या पॅनेलमध्ये शिरायची. दाराला कुलूप, गेटवर वॉचमन, एवढी सुरक्षा पुरत होती. पुढे त्याच तारेच्या जागी इथरनेट आलं, ऑपरेटरसमोर विंडोज आलं, हेड ऑफिसला रोजचं उत्पादन आपल्या पडद्यावर हवं झालं. शेडच्या भिंती जागेवरच होत्या, पण तार त्यांच्यापलीकडे गेली होती.

याचा पहिला ठसठशीत इशारा २००० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून आला. मारूची भागातली सांडपाण्याची व्यवस्था १४२ पंपिंग स्टेशनांची होती आणि ती रेडिओवरून चालायची. ती बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याला तिथल्या नगर परिषदेनं नोकरी नाकारली. त्यानं लॅपटॉप आणि रेडिओ संच गाडीत टाकून ४६ वेळा त्या यंत्रणेत ढवळाढवळ केली. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, नाल्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, नवी यंत्रणा आहे, काहीतरी बिघाड असेल. आजही हल्ला प्रथमदर्शनी बिघाडासारखाच दिसतो, आणि म्हणूनच तो ओळखायला वेळ लागतो.

आयटी विभाग आणि प्लांट यांच्यातली ओढाताण इथंच समजून घ्यायला हवी. कार्यालयात माहिती गुप्त राहणं पहिलं, प्लांटमध्ये यंत्र चालू राहणं पहिलं. आयटीचा माणूस म्हणतो, आज रात्री पॅच टाकू, मशीन रीस्टार्ट करू. प्लांटमध्ये वर्षातून एकदा शटडाऊन मिळतो, तोही उत्पादन विभागाशी भांडून. जुन्या पीएलसीवर तर नेटवर्क तपासणारं साधं सॉफ्टवेअर सोडलं तरी तो गांगरून बंद पडल्याची उदाहरणं आहेत. ‘चालू आहे ना, मग हात लावू नका,’ हे मेंटेनन्सवाल्याचं वाक्य आडमुठेपणाचं वाटतं, पण त्यामागे भाजलेली बोटं असतात. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांच्या मधली जागा हल्लेखोराला मोकळी मिळते.

काही वर्षांपूर्वी चाकण परिसरातल्या एका कारखान्यात आम्ही प्रत्येक पॅनेल उघडून आत काय काय आहे त्याची यादी करत होतो. एका करड्या कपाटाचं दार उघडलं. आत पंख्याची घरघर, दाराच्या खिशात पिवळी पडलेली ड्रॉइंग. केबलच्या पट्टीमागे काडेपेटीहून थोडा मोठा एक राउटर लुकलुकत होता. त्यात मोबाइलचं सिम. मशीन देणाऱ्या कंपनीच्या माणसानं वॉरंटीच्या काळात लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून तो बसवला होता. वॉरंटी संपून चार वर्षं झाली होती. पासवर्ड राउटरच्याच पाठीवर चिकटवलेला होता आणि तो कधीच बदललेला नव्हता. त्याच आवारातल्या सर्व्हर रूममध्ये लाखो रुपयांची फायरवॉल होती. या राउटरची वाट तिच्याकडे जातच नव्हती. कुणी लबाडी केली नव्हती. एका रात्री मशीन अडलं असेल, कुणीतरी ‘लावून टाक, सकाळी बघू’ म्हणालं असेल.

अशी दारं जगभर सापडतात. २००३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डेव्हिस-बेस अणुवीज केंद्रात स्लॅमर नावाचा वर्म शिरला, तो ठेकेदाराच्या लाइनवरून, फायरवॉलला वळसा घालून. सुरक्षेची मापं दाखवणारी संगणकप्रणाली जवळजवळ पाच तास बंद होती. सुदैवानं अणुभट्टी त्या काळात बंदच होती. २०२१च्या मे महिन्यात कोलोनियल पाइपलाइनमध्ये खंडणीखोर आत आले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, ज्याला पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा नव्हती. सुमारे ८,८५० किलोमीटरची ही पाइपलाइन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं जवळपास ४५ टक्के इंधन वाहते. हल्ला कार्यालयीन संगणकांवर होता. पाइपलाइन कंपनीनंच खबरदारी म्हणून थांबवली, ४४ लाख डॉलरची खंडणीही भरली. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावच्या पाणी पंपिंग स्टेशनवरचा कंट्रोलर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. त्या मालिकेतले कंट्रोलर कारखान्यातून निघताना ‘११११’ हा पासवर्ड घेऊन येत. तिथं लोकांनी पंप हातानं चालवले आणि गावाला पाणी मिळत राहिलं.

नतांझची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिचा एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा मालवेअर इराणमधल्या नतांझच्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रात पेन ड्राइव्हसारख्या साधनांतून पोचला होता. तिथलं नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं होतं, तरीही. सेंट्रिफ्यूज फिरवणाऱ्या मोटारींची वारंवारता त्यानं १,०६४ हर्ट्झवरून १,४१० हर्ट्झपर्यंत नेली, पुढे २ हर्ट्झपर्यंत खाली आणली. सुमारे हजार सेंट्रिफ्यूज बदलावे लागले असा अंदाज आहे. आणि हे चालू असताना ऑपरेटरला पडद्यावर सगळं सुरळीत दिसत होतं. पडदा खोटं बोलू शकतो, हे त्या दिवसापासून या क्षेत्रातल्या प्रत्येकानं गृहीत धरायला हवं होतं. स्टक्सनेट इराणपुरता राहिला नाही. सर्वाधिक संसर्ग झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियापाठोपाठ भारताचं नाव होतं. आपल्याकडे नुकसान झालं नाही, कारण तो ज्या विशिष्ट रचनेच्या शोधात होता ती त्याला इथं सापडली नाही. ती आपली तयारी नव्हती.

तरी या सगळ्या यादीत मला सगळ्यात भीतिदायक वाटते ती २०१७ची सौदी अरेबियातली घटना. पेट्रोकेमिकल कारखान्यात नेहमीच्या नियंत्रणाखेरीज एक वेगळी सुरक्षा प्रणाली असते. दाब किंवा तापमान हाताबाहेर जाऊ लागलं की ती कुणाला न विचारता प्लांट बंद करते. स्फोट आणि कामगार यांच्यामध्ये उभी असलेली ती शेवटची भिंत. ट्रायटन नावाचा मालवेअर नेमका या भिंतीसाठी लिहिला होता. तिथल्या कंट्रोलरवर एक खरीखुरी किल्ली असते, पितळी कुलपाला असते तशी. ती ‘रन’वर असेल तर आतला प्रोग्राम बाहेरून बदलता येत नाही. ‘प्रोग्राम’वर असेल तर येतो. त्या कारखान्यात ती ‘प्रोग्राम’वर राहिली होती. हल्लेखोरांच्या हातून चूक झाली, कंट्रोलरना आतल्या आत विसंगती जाणवली आणि त्यांनी प्लांट सुरक्षितपणे बंद केला. तसं झालं नसतं तर हल्लेखोर शांतपणे आतच बसून राहिले असते. अमेरिकेनं २०२०मध्ये या प्रकरणी मॉस्कोतल्या एका सरकारी संशोधन संस्थेवर निर्बंध घातले. पण माझ्या मनात राहते ती किल्ली. काम झाल्यावर ती फिरवून काढायची आणि शिफ्ट इनचार्जच्या कपाटात ठेवायची, याला पैसे लागत नाहीत. लागते ती रोजची सवय.

आता घरचं. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, कोविडच्या काळात रुग्णालयं जनरेटरवर आली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला: चीनशी संबंध असलेल्या एका गटानं भारतातल्या वीज क्षेत्राच्या दहा संस्थांना लक्ष्य केलं होतं, त्यात ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या पाच प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांपैकी चार होती. राज्य सरकारनं सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तो फेटाळला आणि मानवी चूक हे कारण सांगितलं. अहवाल लिहिणाऱ्यांनी स्वतःही त्या घुसखोरीचा आणि मुंबईतल्या अंधाराचा संबंध सिद्ध झालेला नाही असं नोंदवलं होतं. तेव्हा ‘चीननं मुंबई बंद पाडली’ असं ठामपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. मात्र मुंबईला वीज आणणाऱ्या कळवा-पडघा लाइनचं त्या सकाळी मिनिटामिनिटाला काय झालं, संगणकांत काय सापडलं, याचं तांत्रिक विवेचन सामान्य अभियंत्याला वाचायला मिळायला हवं. विमान अपघाताचे अहवाल प्रसिद्ध होतात म्हणून पुढची विमानं सुरक्षित होतात. विजेच्या बाबतीत तसं का नसावं?

२०२२मध्ये लडाखजवळच्या भारप्रेषण केंद्रांना लक्ष्य केल्याचा दुसरा अहवाल आला, त्यात हल्लेखोरांनी मधली शिडी म्हणून इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर वापरल्याचं म्हटलं होतं. त्याआधी, २०१९मध्ये, कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात मालवेअर सापडल्याचं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननं आधी नकार येऊन गेल्यावर मान्य केलं. नियंत्रण प्रणाली वेगळी आहे, तिला धक्का लागला नाही, असा त्यांचा खुलासा होता. आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदराला तर शत्रू कोण, भांडण कुणाचं, हेही न कळता फटका बसला. २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा मालवेअर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मार्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांसोबत न्हावा-शेवातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. मार्स्कला नव्यानं उभं राहता आलं ते घानातल्या कार्यालयामुळे. तिथं हल्ल्याच्या वेळी नेमकी वीज गेली होती, म्हणून संपूर्ण नेटवर्कची ओळखवही सांभाळणारा एक सर्व्हर शाबूत राहिला. त्याची डिस्क हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडला नेण्यात आली. एवढ्या अवाढव्य कंपनीचा बॅकअप शेवटी लोडशेडिंगसारख्या योगायोगावर तरला, हे वाचून प्रत्येक प्लांटप्रमुखानं आपल्या पीएलसी प्रोग्रामची शेवटची प्रत कुठे आहे ते आजच विचारावं. बहुतेक ठिकाणी ती नोकरी सोडून गेलेल्या एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये असते.

मग उपाय काय? ते गुपित नाहीत. आपल्याकडे काय काय आहे याची खरी यादी हा पाया. ती बहुतेकांकडे नसते आणि बाकी सगळं तिच्यावरच उभं राहतं. नंतर नेटवर्कचे विभाग पाडायचे: कार्यालय वेगळं, स्काडा वेगळा, सुरक्षा प्रणाली त्याहून वेगळी, आणि विभागांमधल्या वाटा मोजक्या, पहारा असलेल्या. आयईसी ६२४४३ या मानकाचा गाभाही हाच आहे. जिथून फक्त माहिती बाहेर यायला हवी तिथं डेटा डायोड बसवता येतो. त्यात प्रकाश पाठवणारा भाग एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे असतो. उलट दिशेनं काही पाठवायला तिथं साधनच नसतं, त्यामुळे ते सॉफ्टवेअर फसवून जमत नाही. लांबून येणाऱ्या दुरुस्तीवाल्याला दार हवंच असेल तर ते काम असेल तेव्हा उघडावं आणि काम झालं की बंद करावं. प्लांटच्या बाजूनं एक गोष्ट फार अनुकूल आहे: तिथलं नेटवर्क लोकलच्या वेळापत्रकासारखं ठरलेलं असतं. तोच संगणक त्याच पीएलसीला दर सेकंदाला तोच प्रश्न विचारतो. नवा चेहरा आला की तो उठून दिसतो, बघणारं कुणी असलं तर.

कायद्याची चौकट आपल्याकडे कागदावर बरी आहे. महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी ही संस्था २०१४पासून आहे, केंद्रीय वीज प्राधिकरणानं २०२१मध्ये वीज क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०२२मध्ये घटना सहा तासांत कळवण्याचं बंधन घातलं. पण पाणीपुरवठ्याकडे विजेइतकं कुणी पाहत नाही, आणि एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यांना तर हे सगळं आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. २०२४च्या जानेवारीत युक्रेनमधल्या लवीव शहरात कडाक्याच्या थंडीत सहाशेहून अधिक इमारतींची उष्णता दोन दिवस गेली. कारण ठरला एक मालवेअर, जो त्याच १९७९च्या मॉडबस बोलीत कंट्रोलरना हुकूम देत होता. असे कंट्रोलर महाकाय वीजकेंद्रातच असतात असं नाही. ते कुठल्याही नगरपालिकेच्या पंपहाऊसमध्ये असू शकतात.

आणि हे सगळं करूनही एखाद्या दिवशी कुणीतरी आत येईलच. त्या दिवसासाठी नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रोकडे बघावं. १९ मार्च २०१९ला ४० देशांत पसरलेल्या या ॲल्युमिनियम कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. तिनं खंडणी नाकारली आणि लगेच जाहीरपणे काय झालं ते सांगितलं. कारखाने कागदावर लिहिलेल्या ऑर्डरींवर, हातानं चालवले. जुन्या पद्धती माहीत असलेले निवृत्त कामगार मदतीला आले. नुकसान कोट्यवधी डॉलरचं झालं, पण भट्ट्या थंड पडू दिल्या नाहीत. युक्रेनमध्येही २०१५ला हेच झालं होतं. तिथलं जाळं अजून पूर्ण स्वयंचलित झालेलं नव्हतं, हातानं चालवण्याची सवय जिवंत होती. आपण मात्र ऑटोमेशन आलं की पहिल्यांदा माणसं कमी करतो, मग स्थानिक गेज बदलणं थांबवतो, मग सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर शेवटचा कधी फिरवला हे कुणालाच आठवत नाही.

राउटर सापडलेल्या त्याच कारखान्यात आम्ही एका रविवारी, शटडाऊनमध्ये, सगळे पडदे बंद करून कूलिंग वॉटरची लाइन हातानं चालवून पाहायचं ठरवलं. अर्ध्या तासाचं काम म्हणून सुरुवात केली. दोन प्रेशर गेजच्या काचा इतक्या धुरकट होत्या की काटा दिसेना. एक गेज शून्यावरच अडकलेला. बायपास व्हॉल्वचं हातचाक दोघांनी मिळून पाइप रेंच लावून ओढलं तरी जागचं हललं नाही. तरुण ऑपरेटर हुशार होते, पण किती फेरे उघडायचा हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी निवृत्त झालेल्या एका फोरमनना फोन लावला. ते म्हणाले, ‘आधी वरच्या अंगाचा अर्धा उघडा, पाइपातला ठोका ऐका, मग साडेचार फेरे.’ पाच तासांनी लाइन चालू झाली. त्या आठवड्यात सगळी गेज बदलली, व्हॉल्वना ग्रीस घातलं, आणि ‘साडेचार फेरे’ हे ऑइल पेंटनं त्या हातचाकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवलं. तीन महिन्यांनी पुन्हा केलं तेव्हा पन्नास मिनिटं लागली.